मागे पडणारी खोली

ताईच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय हे फोनवर ऐकून मी हसलोच. मी दिवसभर मोठमोठ्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो, हे काय काम आहे? पण ताई घरून एका दवाखान्याचे रिपोर्ट टाइप करते, ते रोज उशिरा पोचत होते आणि साहेबांनी तिला शेवटचं बजावलं होतं. म्हणून गेलो.

घराच्या मागच्या बाजूला तिची चिंचोळी खोली. भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, एक खुर्ची, बंद खिडकीचा कोंदट वास. मी कॉम्प्युटरच्या आतला बटणासारखा सेल बदलला. इंटरनेटवरून वेळ घेतली. आकडे बरोबर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत मागे सरकले. चांगला पाऊण तास.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"तूच काहीतरी दाबत असशील," मी म्हणालो.

"मी हातही लावत नाही रे."

"मग काय भूत लावतं? एवढं साधं काम जमत नाही, वर साहेबांच्या नावानं रडतेस!"

माझं बोट धरून मला अक्षरं गिरवायला शिकवणारी ताई. तिनं मान खाली घातली. मी वळूनही पाहिलं नाही. समोरच्या पडद्याच्या काचेत दिसली तेवढीच.

मग सहज खिशातला मोबाइल काढला. तोही पाऊण तास मागे होता. बाहेरच्या खोलीत आलो तशी त्यातली वेळ झटकन पुढे गेली. माझी कानशिलं तापली. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. माफी मागायची सोडून मी मोबाइलच चाळत बसलो. चहा निवून गेला.

पाऊण तास होत आला तशी ती घड्याळाकडे बघून उठली. "ये. कुणाला सांगितलं नाहीये मी."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत दिवा चालू होता. टेबलाशी मी वाकलेला होतो. खुर्चीमागे ताई.

"एवढं साधं काम जमत नाही..."

माझा आवाज इतका ओंगळ आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या ताईकडे बघायची हिंमत होईना.

"बंद कर ना ते," मी कसाबसा म्हणालो.

"होत नाही. मी रोज माझी पाठ बघते. सवय झालीय."

आतला तो मध्येच थांबला.

मघाशी मी थांबलो नव्हतो.

तो वळला. आमच्याकडे बघत सावकाश दारापाशी आला. आतल्या ताईनं मान वर केली नाही.

त्यानं दार हलकेच लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"त्या दाराला आतून कडी नाहीये रे," ती म्हणाली.