ती वेल, तो वेल

मी खांबाखाली उभी राहून त्याचे बूट बघत होते. बुटांच्या वरचा माणूस पानांत पार शिरला होता. करवतीचा आवाज काही येईना.

"अडकलात का?" मी खालून विचारलं.

"नाही," वरून उत्तर आलं. "वास घेतोय."

वीजखात्याकडे अर्ज मीच केला होता. आमच्या द्राक्षवेलीने घराची दक्षिणेकडची अख्खी भिंत व्यापली होती, छपरावरून ती विजेच्या खांबावर गेली होती आणि आता तारांना हात लावायच्या बेतात होती. बुंध्यापासून तोडून टाका, असं मी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. तसंही मला घर विकायचं होतं.

तो खाली उतरला. माझ्याच वयाचा असेल, सत्तावीस-अठ्ठावीसचा. करवत पट्ट्याला तशीच लटकत होती आणि तळहातावर हिरव्या फुलांचा एक तुरा होता, इतका बारीक की फुलं म्हणायलाही संकोच वाटावा.

"नाही तोडता येणार मला," तो म्हणाला.

"का?"

"फुललीय."

"दरवर्षी फुलते. द्राक्ष मात्र एक देत नाही. माझे आजोबा एकतीस वर्षं वाट बघून गेले."

त्याने खिशातून एक घडीचं भिंग काढलं, तुरा डोळ्यांजवळ नेला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू वाईट बातमी सांगायची आहे आणि हसूही येतंय.

"देणारही नाही. हा नर आहे."

"...काय?"

"बागेतल्या द्राक्षांच्या एकाच फुलात दोन्ही असतं. पण ही रानातली जात आहे, अमूर नदीकडची. तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. कुणी आणली इथे?"

"आजोबांनीच. सैन्यात होते तिकडे, पार पूर्वेला. येताना कोटाच्या खिशात बिया घेऊन आले."

"बघा," म्हणत त्याने भिंग माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. मोहरीएवढी हिरवी कळी. तिच्यावर एक टोपी... आणि माझ्या डोळ्यांदेखत ती टोपी देठाकडून सुटली, वर उचलली गेली, क्षणभर तोल सावरत राहिली आणि पडली. आतून पाच पांढरे धागे हळूच बाहेर आले, जणू कुणी मूठ उघडली. या भिंतीखाली मी लहानाची मोठी झाले, आणि दर जूनमध्ये माझ्या डोक्यावर हजारो टोप्या पडत होत्या.

"मधोमध हिरवी कुपी दिसते का कुठे?" त्याने विचारलं.

"नाही. नुसते धागे."

"म्हणून फळ नाही."

मी पायरीवर बसले. दर ऑगस्टला आजोबा चष्मा लावून एकेक पान उलटून बघायचे. चुना घातला, शेण घातलं, मुळांशी मासेसुद्धा पुरले. शेजारी कुंपणावरून विचारायचे, व्हिक्टर्स, यंदा वाइन कधी? आणि आजोबा हसायचे, पण घरात आल्यावर उगाच चष्मा पुसत बसायचे.

"म्हणजे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं?" मी विचारलं.

"काहीच नाही." तो माझ्या शेजारी बसला – पायरीच्या दुसऱ्या टोकाला, मधे हेल्मेट ठेवून. "उणे पस्तीसच्या थंडीत, काही न पांघरता, हा इतका वाढलाय. असा वेल मी अख्ख्या क्रास्लावा गावात दुसरा पाहिला नाही."

त्या दिवसापर्यंत मी 'ती वेल' म्हणत होते. तो सहज 'हा' म्हणाला, आणि मला कसंसंच झालं... जणू घरात इतकी वर्षं कुणी राहत होतं आणि मी त्याचं नावच चुकीचं घेत होते.

त्याचं नाव राइविस. नदीपलीकडे राहायचा, आईबरोबर. आईच्या बागेत एक वेल होती – तिची गोष्ट उलटी. ती मादी. फुलायची, पण मणी धरायच्या आधीच सगळं गळून जायचं.

"या वेलाचे पराग मिळाले तर..." तो म्हणाला आणि उगाच हेल्मेटचा पट्टा ओढत बसला.

"म्हणजे तुम्ही मागणी घालायला आलात."

"हो. मुलीकडचा आहे मी."

"मुलीकडच्यांनी करवत घेऊन यायची पद्धत नवीन दिसते."

त्याचे कान लाल झाले. दुपारभर खपून त्याने खांबावरच्या फांद्या एकेक सोडवल्या आणि भिंतीला खिळे ठोकून बांधल्या. कागदावर लिहिलं – तारा मोकळ्या केल्या. तोडण्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

पुढचे तीन दिवस दव सुकलं की तो यायचा. मी औषधाच्या दुकानात दुपारची पाळी मागून घेतली होती. आम्ही तुऱ्यांखाली कागद धरायचो आणि हलकेच टिचकी मारायचो. कागदावर पिवळसर धूळ जमायची, एवढीशी की कुणी शिंकलं तर संपलं.

"हसू नका," मी म्हणायचे.

"मी हसत नाहीये."

"नाकाने हसताय."

धूळ बाटलीत भरून आम्ही माझ्या फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी ठेवली. त्याच्या आईची वेल आठवडाभर उशिरा फुलते म्हणाला. नदीकाठचा गारवा.

ती फुलली नेमकी लीगोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत छोट्या रात्रीच्या सणाच्या आदल्या सकाळी. सगळं गाव सणाच्या मुकुटांसाठी ओकची पानं आणायला रानात गेलं होतं, आणि मी सायकलला बाटली बांधून पूल ओलांडत होते. झेंताकाकू – राइविसची आई – दारातच उभ्या होत्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आधी बाटली उजेडात धरून पाहिली, मग मला.

"दोन्ही ठीक दिसतंय," म्हणाल्या आणि शहाजिरं घातलेलं चीज कापायला आत गेल्या.

पराग लावायला घेतलेला ब्रश माझाच होता, एरवी गालांना पावडर लावायचा. दोन तुरे झाले असतील-नसतील, तोच आभाळ भरून आलं आणि बारीक भुरभुर सुरू झाली. भिजले तर पराग वाया. राइविस छत्री घेऊन धावला. छत्री एकच. ती त्याने वेलीवर धरली. आम्ही दोघं बाहेर.

मी ब्रश फिरवत होते, तो मला चिकटून उभा होता – चिकटावंच लागत होतं. त्याच्या भुवईवरून एक थेंब ओघळला आणि माझ्या मनगटावर पडला. मी पुसला नाही.

"हळू," तो कुजबुजला.

"हळूच करतेय."

"तुऱ्याला नाही... माझ्या बाहीला पराग लावताय."

"थंडी आहे."

"जून आहे."

आतून काकूंची हाक आली. "लागलं का लग्न?"

"लागतंय, काकू," मी ओरडले, आणि मग बराच वेळ आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दहा दिवसांनी मसुराएवढे मणी धरले. एरवी हात लावताच गळणारे, या वेळी घट्ट. मी भिंग लावून एकेक मणी पाहिला. त्या बाटलीतल्या चिमूटभर धुळीने हे केलं होतं. उभ्या जुलैत मी दर रविवारी पूल ओलांडत राहिले. तेवीस घड. मणी मसुराचे वाटाणे झाले, वाटाण्यांची बोरं. आणि ऑगस्ट सरता सरता एका सकाळी, हिरव्या घडात एकच मणी जांभळा... आम्ही तिघंही त्याच्यापुढे उभे राहिलो, देवळात उभं राहावं तसे.

त्याच दिवशी मी राइविसला सांगितलं. आणखी लांबवणं बरं नव्हतं.

"वीस सप्टेंबरला मी जातेय. आयर्लंडला. आई आहे तिकडे, मश्रूमच्या शेडवर काम करते. माझीही सोय झालीय. घराला गिऱ्हाईक आलंय."

घडावर ऊन पडावं म्हणून तो पानं खुडत होता. त्याने आणखी एक पान खुडलं.

"द्राक्षं पंचवीसच्या पुढे पिकतील," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

पुलावरून परत येताना मी इतक्या जोरात पॅडल मारलं की साखळीच निसटली. थांब म्हणाला असता तर मी काय केलं असतं, माहीत नाही. पण म्हणायला नको होतं का?

घर घेणारी बाई राजधानीहून, रीगाहून आली. भली होती. टेप घेऊन तिने दक्षिणेची भिंत मापली. तिथे तिला काचेचा व्हरांडा हवा होता.

"हे सगळं काढून द्याल ना?" तिने वेलाकडे बोट दाखवलं.

"नाही," मी म्हणाले.

ती चमकली. मीही. ते इतकं सहज तोंडातून गेलं होतं.

"मग मी काढून घेईन नंतर."

"तसं नाही. हा वेल राहणार. आणि... मला वाटतं, घर विकायचंच नाहीये मला. तुम्हाला उगाच इतक्या लांब यायला लावलं."

तिने टेप गुंडाळली, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि चहा मात्र पिऊन गेली. पाठोपाठ मी आईला फोन केला. ती आधी चिडली, मग म्हणाली, "मुलगा आहे का कुणी?" मी म्हटलं, वेल आहे. ती म्हणाली, "तू माझी मुलगी आहेस, वेलीसाठी थांबणारी नाहीस. तो तुझ्या आजोबांचा स्वभाव."

राइविस मला बसस्थानकासमोरच्या खांबावर सापडला. पट्ट्याने कमरेला बांधलेला, दोन्ही हात तारांत. खाली बाकावर दोन आज्या बटाट्याची पोती घेऊन बसची वाट बघत होत्या.

"राइविस," मी खालून हाक मारली, "मी जात नाहीये."

"काय?"

"आयर्लंडला. जात नाहीये."

त्याने खाली वाकून पाहिलं. "वेलासाठी?"

"आधी मलाही तसंच वाटलं." आता थांबणं शक्य नव्हतं. "तुझ्यासाठी. तू काही बोलत नाहीस म्हणून मी बोलतेय. मला आवडतोस तू."

बाकावरच्या आज्यांनी माना वर केल्या.

"पुन्हा सांग," शेवटी वरून आवाज आला. "वारा आहे."

"वारा नाहीये," एक आजी म्हणाली. "पानसुद्धा हलत नाहीये. पोरी, सांगू नकोस पुन्हा. त्याला बोलू दे."

तो बोलला. आधी पट्टा सोडला, मग चुकून परत लावला, मग एकदाचा खाली उतरला. हातमोजे काढून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की मी जायचं सांगितलं त्या दिवसापासून 'थांब' हा शब्द त्याच्या तोंडात होता, पण कुणाला आईपासून अडवणं त्याला बरं वाटेना. पाच मिनिटांत इतकं बोलला, की बस येऊन निघून गेली आणि आज्या बाकावरच राहिल्या.

सप्टेंबर संपताना आम्ही घड उतरवले. निळेकाळे, वर राखेसारखी झाक, हाताला गार. काकूंनी पहिला मणी मला दिला. आंबट, मग गोड, मग कसलीशी रानाची चव, जी इथली नव्हती. आजोबांनी हे कधीच चाखलं नाही... डोळे भरून आले, पण तोंडात इतकं सुंदर काही होतं, की रडणं जमेना.

"बिया थुंकू नकोस," काकू म्हणाल्या. "ओल्या वाळूत घालून तळघरात ठेवायच्या. हिवाळाभर गारठल्याशिवाय त्या उगवत नाहीत."

"आणि मग नर की मादी?"

"पहिल्यांदा फुलल्यावर कळेल. चार-पाच वर्षांनी."

राइविसने बाटलीत वाळू भरली. मी बिया मोजून टाकल्या, झाकण लावलं आणि बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर साल लिहिलं, खाली दोघांची पूर्ण नावं. काकूंनी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली.

"दोन आडनावं," म्हणाल्या. "इतक्याशा चिठ्ठीवर जागा वाया घालवलीस."

राइविस वाळूच्या पिशवीची गाठ मारण्यात भलताच गुंतला. कान लालभडक. गाठ कधीचीच बसली होती.

"काय म्हणतोस?" मी विचारलं.

"म्हणजे... जागा कमी आहे, हे खरंय," तो गाठीकडे बघत म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, सरळ, बराच वेळ.

मी चिठ्ठी सोलून काढली आणि काकूंकडे दुसरी मागितली.