सोडा म्हटल्याशिवाय

कवळीकाकांचा गॅरेजवाल्यांवर भारी राग. ज्याला नट सरळ आवळता येत नाही तो गॅरेज काढतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ते कुणी न विचारताही देत. स्वतःचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांवर कवळ्या घासूनपुसून बसवल्या, त्याला ब्रेकचे चार पॅड बसवायला कसली भीती? घरातला मिक्सर, पाण्याची मोटर, शेजारणीचं शिलाई मशीन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. बायको त्यांना 'स्वयंभू' म्हणायची. "आमच्या स्वयंभूंनी काल गिझर दुरुस्त केला," ती शेजारणीला सांगायची, "म्हणून आज सगळ्यांनी गार पाण्याने आंघोळ केली."

गाडी जुनी होती, पण हाडापेराने मजबूत. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती. शिकवणारे सर कवळीकाकांचंच गिऱ्हाईक. त्यांच्या वरच्या कवळीतली एक दाढ किंचित उंच राहिली होती, त्यामुळे बोलायच्या आधी टक् असा आवाज यायचा, आणि तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. काका म्हणायचे, या, घासून देतो. सर म्हणायचे, राहू द्या, त्या आवाजाने पोरं सावध होतात. सर वारले आणि त्यांच्या बायकोने गाडी विकायला काढली, तेव्हा ती काकांनी घेतली. अशा गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. तो विकण्याआधीच काढला होता. तळाला फक्त एक भोक उरलं होतं, त्यात रबरी बूच.

गाडी घेतली होती ठकूसाठी. ठकू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. डोंगरापलीकडच्या इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीत तिला पहिली नोकरी लागली होती आणि सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. वाट म्हणजे आधी चढ आणि मग वळणावळणांचा लांबच लांब उतार. त्या उतारावर ब्रेकशिवाय दुसरं कुणी वाली नाही. म्हणून रविवारी दुपारी जेवून हात पुसले आणि काकांनी गाडी शेडमध्ये जॅकवर चढवली.

काम झोकात चाललं होतं. पुढची दोन्ही चाकं उतरवली. पॅडना धरून ठेवणारे दोन्ही कॅलिपर सोडवून तारेच्या ब्रशने घासले, वर हौसेने लाल रंग दिला, शेजारी शेजारी वर्तमानपत्रावर वाळत ठेवले, आणि वाळल्यावर उचलून परत बसवले. शीळ घालत. आता उरली होती फक्त ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायची.

या कामाला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकापाशी बसून कॅलिपरचं निपल, ती हवा सोडायची छोटी तोटी, ढिलं करायचं, म्हणजे नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. निपल परत आवळलं की मग पाय काढायचा. मधेच काढला तर बाहेरची हवा उलट आत जाते आणि केलेल्या कामाचा पार विचका होतो.

"मी 'सोड' म्हटल्याशिवाय पाय काढायचा नाही," काकांनी ठकूला बजावलं. "आकाश कोसळलं तरी."

"आकाश कोसळलं तर तुम्हीच गाडीखालून बाहेर याल, बाबा," ठकू म्हणाली.

"दाब!"

"धरलंय!"

"सोड!"

पेडल दाबलं की मागच्या दिव्यांचा लाल उजेड शेडच्या भिंतीवर पडायचा आणि सोडलं की विझायचा. अशी बरीच आवर्तनं झाली. बुडबुडे थांबले, तरी पेडल ओल्या स्पंजासारखं मऊच. काकांनी डोकं खाजवलं आणि पुन्हा चाकाशी बसले. तेवढ्यात आतून ठकूच्या आईची हाक आली. दार उघडल्याचं, लागल्याचं काकांना ऐकूही आलं असेल, पण हातातल्या पान्ह्यापुढे त्यांना जगाची शुद्ध नसायची.

"दाब!" ते म्हणाले.

भिंत लाल झाली.

"धरलंय का?"

नुसतं टक् झालं. पोरगी तोंडात गोळी चघळते आहे, काकांना वाटलं. हवेत पेपरमिंटचा वासही होता. त्यांनी निपल ढिलं केलं. तेलाची अशी धार आली की नळी थरथरली.

"शाबास ठकू! आत्ता कसं!" त्यांनी निपल आवळलं.

"कसलं शाबास?" ठकूचा आवाज मागून आला. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "मी मघाशीच आत गेले की. आईने हाक मारली ना?"

काकांनी मान वळवली. भिंत अजून लाल होती.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "आणि आईला मदत कर जा."

ती गेली. काका उठले आणि गाडीच्या उघड्या खिडकीतून आत वाकले. सीट रिकामी. पेडल मात्र खाली, पार तळाशी. स्प्रिंग अडकली असणार, ते स्वतःशी मोठ्याने म्हणाले. मोठ्याने म्हटलं की गोष्ट खरी वाटते. त्यांनी हात घालून पेडल वर ओढलं. ते हललं नाही. पेडलचं रबर कोमट होतं, नुकताच अनवाणी पाय उचलल्यावर लादी असते तसं.

त्यांनी पॅड जिला धरतात त्या उघड्या डिस्कला हात घालून ती फिरवून बघितली. तसूभर फिरेना. दुसऱ्या बाजूचीही नाही. अंधार पडायच्या आत चाकं चढवून, घरासमोरच्या उतारावर गाडी नेऊन बघायची, असा त्यांचा बेत होता. तो बोंबलला. चरफडत त्यांनी हातबत्ती घेतली आणि डावा कॅलिपर न्याहाळला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

निपल खालच्या बाजूला होतं. दोन्हीकडे.

हवा वर चढते, हे शाळेतलं पोरही सांगेल. निपल वरच हवं, नाहीतर हवा कॅलिपरच्या डोक्यात तशीच अडकून राहते. काकांनी रंगाच्या हौसेत डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. वरची कवळी खाली आणि खालची वर बसवावी, तसं! आणि अशी गाडी घेऊन ते आता उतारावर निघाले होते. उद्या ठकू निघाली असती. त्यांनी कप उचलून चहा एका घोटात संपवला, गार झालेला.

मग त्यांनी सरांच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, गाडीचा ब्रेक... आधी कधी असा आपोआप धरायचा का हो?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वहिनी हळू आवाजात बोलल्या. "तुम्हाला सांगायला हवं होतं मी. हे त्या गाडीतच गेले, भाऊ. उताराच्या तोंडाशी. एका मुलीला शिकवत होते. यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि... पाय तसाच राहिला. ती पोर बिचारी विचारत बसली, सर, माझं काय चुकलं? लोकांना त्यांचा पाय ओढून काढावा लागला."

"अरेरे..."

"यांची पद्धत होती. शिकणाऱ्याने आधी आरशात बघायचं, मग म्हणायचं, सर, सोडा. त्याशिवाय पाय काढायचे नाहीत. त्या मुलीने काही म्हटलंच नाही." वहिनी पुढे सांगू लागल्या. "ती पोर काहीतरीच सांगत होती. मागे दोघीजणी बसल्या होत्या म्हणे, आपली पाळी कधी येते बघत. यांच्या गाडीत बसायच्या मागे पोरी, एकीचं झालं की दुसरी. पण त्या दिवशी दुसरं कुणीच येणार नव्हतं. घाबरली असेल पोर."

"घाबरली असेल," काका म्हणाले.

ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. बाजूची सीट रिकामी होती, पण तिच्याकडे पाठ करणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी आरशात बघितलं. मागची सीट, तिच्यामागे लाल भिंत. बाकी काही नाही.

"सर," ते म्हणाले, "चूक माझी होती. लक्षात आली. आता... सोडा."

थप्प. पेडल वर आलं आणि भिंत काळी झाली.

काकांना गंमत म्हणजे भीती नाही वाटली. वाटली ती कृतज्ञता. शिक्षक असावा तर असा, त्यांना वाटलं, मेल्यावरही चूक दाखवणारा. त्यांनी कॅलिपर उतरवले, आपापल्या जागी लावले, निपल वर आल्याचं तीनदा बघितलं आणि पेडलवर बायकोला बसवलं. "दाबा, धरा, सोडा, किती हुकूम!" ती म्हणाली. "लग्नात एवढे सोडले नव्हते." पेडल दगडासारखं टणक झालं. जेवणाआधी त्यांनी गाडी समोरच्या उतारावर दोनदा नेऊन आणली. जिथे म्हणावं तिथे उभी राहत होती. छाती पुन्हा पूर्वीइतकी फुगली.

सकाळी ठकूला निरोप देताना त्यांनी खिडकीत वाकून सांगितलं, "जुनी गाडी आहे. कुठे ब्रेक अडकला तर 'सोडा' म्हण."

"कुणाला?"

"गाडीला! वडीलमाणूस आहे ती. मान देऊन बोलावं."

ठकू हसली आणि गेली. काका दुकान उघडून कामाला बसले. एका आजोबांची कवळी घासत असताना फोन वाजला.

"बाबा, मी वर पोचले. उतार सुरू होतो ना, तिथे. गाडी थांबलीय." तिचा आवाज मजेतला होता. "तुमचा मंत्र म्हटला. तीनदा 'सोडा' म्हटलं. पेडल वरच येत नाही."

काकांनी घासणी खाली ठेवली. ब्रेक त्यांनी स्वतः बसवले होते, स्वतः तपासले होते. चूक राहिली असेल तर ती त्यांचीच, आणि सरांनी ती धरली असेल तर बरंच झालं. ते शांतपणे म्हणाले, "आरशात बघितलंस का?"

"आरशात? नाही."

"आधी आरशात बघायचं. मग म्हणायचं. तशी पद्धत आहे."

"बरं."

वारा तेवढा फोनवर घासत होता.

"ठकू? बघितलंस?"

"बाबा..." आता ती कुजबुजत होती. "मागे... दोघीजणी बसल्यात."

मागच्या सीटबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"उतर," ते म्हणाले. "ठकू, आत्ता उतर गाडीतून."

"दार उघडत नाहीये. बाबा, त्या विचारताहेत... आता आमची पाळी ना?"

आणि फोनमध्ये कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "सर, सोडा."

तो ठकूचा आवाज नव्हता.

सर काल ठकूला वाचवत होते, हे काकांना कळलं होतं. त्या दिवशी, जीव जाईपर्यंत, ते या दोघींना गाडी उतारावर नेऊ न देण्यासाठी पाय रोवून बसले होते, ते आता कळलं. ते उभे राहिले, आणि आजोबांची कवळी मांडीवरून फरशीवर पडून फुटली.

"धरा, सर!" काका फोनमध्ये ओरडले. "मी सांगेपर्यंत सोडू नका! मी निघालोच... धरा!"

पलीकडून टक् असा आवाज आला. हजार कवळ्यांतून त्यांनी ओळखला असता. मग एक दमलेला, जुना आवाज म्हणाला,

"धरलंय... पण किती वेळ?"