डाव्या चाकामागची टकटक

हे खरं घडलेलं आहे. ऐकीव नाही, रंगवलेलंही नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. हे घडलं शनिवारी, भर दुपारी. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, शटर पूर्ण वर केलेलं असताना. समोरच्या रस्त्यावरून माणसं जात-येत होती.

जिच्या बाबतीत घडलं ती त्या घरातली थोरली लेक. चार पुस्तकं वाचलेली, सहसा कशाला न घाबरणारी. आजही हे सांगता सांगता ती मध्येच थांबते... आणि हातांना काहीतरी काम शोधते.

गॅरेजमध्ये गाडी होती.

लाल, लांब नाकाची, छत नसलेली. दोनच माणसं बसतील अशी. जुन्या जमान्यातल्या एका शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. थोरलीच्या बाबांनी ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती. सांगाडा घरी जोडलेला, इंजिन एका गाडीचं, चाकं दुसऱ्या गाडीची, बाकीचं भंगारातून वेचून आणलेलं. निम्मं आयुष्य त्यात गेलं. आई तिला सवत म्हणायची.

हिवाळ्यात बाबा गेले. गाडी मागे राहिली.

"ती न्या रे इथून," आई म्हणाली. "शटर उघडं दिसलं की मी दोन कप चहा टाकते. एक ओतून द्यावा लागतो."

मग धाकट्या भावाने गाडी मागितली. तो लांबच्या शहरात राहायचा. रविवारी सकाळी येऊन, स्वतः चालवत नेणार होता. वाटेत डोंगराचा उतार होता. वळणावर वळण, एका बाजूला दरी.

आणि गाडीला ब्रेक लागत नव्हता.

बाकीची दुखणी थोरलीने आणि मिस्त्रीकाकांनी एकेक करून मिटवली होती. मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. ते बाबांना मास्तर म्हणायचे. रेडिएटर गळत होता, तो झाळून झाला. गिअर अडकत होता, तो सुटला. ब्रेक मात्र हटून बसला होता. पेडल दाबलं की उशीत पाय घातल्यासारखं मऊ लागायचं. थेट तळाला जायचं.

म्हणजे नळीत हवा होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी झोपून नट किंचित उघडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा आवळायचा. लहानपणापासून सीटवर थोरलीच बसायची. खाली बाबा असायचे.

आता खाली मिस्त्रीकाका होते.

"दाब... धर... सोड," ते खालून म्हणाले. "आता?"

"तसंच आहे, काका."

"तुझ्या पायातच जोर नाही. जेवतेस की नाही?"

"पाय माझा आहे, हवा तुमची आहे. काढा की."

ते हसले. सकाळपासून हेच चाललं होतं. शेवटी ब्रेक ऑइल संपलं. मिस्त्रीकाका कपडे झटकत उठले, सायकल काढली आणि दुकानाकडे गेले.

थोरली सीटवरच बसून राहिली. पाय पेडलवर होता. उगाच दाबत होती, सोडत होती. स्वस्थ बसवत नव्हतं. उद्या या वेळी धाकटा त्या उतारावर असेल. 'ब्रेक झाला नाही' असं सांगावं, तर तो म्हणणार, हळू नेतो गं. तो तसाच होता.

तेवढ्यात आवाज आला.

टक... टक... टक...

मागून. डाव्या चाकाकडून.

"काका? एवढ्यात आलात?"



तिने आरशात पाहिलं. सायकल नव्हती.

टक... टक... टक...

या वेळी तो आवाज तिला नुसता ऐकू आला नाही. पेडलमधून तळपायाला जाणवला.

ती झटकन उतरली. वाकून गाडीखाली पाहिलं.

कोणी नव्हतं.

सांडलेलं ऑइल होतं. दिव्याची वायर होती. मिस्त्रीकाकांचा पाना फडक्यावर होता, जसा त्यांनी ठेवला होता तसाच. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. जग अगदी नेहमीसारखं चाललं होतं.

टक...

तिच्या हाताच्या अंतरावर.

पळून जायला दहा पावलंही नव्हती. ती गेली नाही. कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. बुडबुडा अडकून बसला की बाबा पान्याच्या दांड्याने हळूच ठोकायचे. तीन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन.

ती चाकामागे आडवी झाली. दिवा पुढे ओढला.

चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा तो लोखंडी चिमटा समोर होता. त्याच्यावर हात ठेवला. गाडी महिनोनमहिने हललेली नव्हती. लोखंड गार असायला हवं होतं.

ते कोमट होतं... कुणीतरी बराच वेळ मुठीत धरल्यासारखं.

आणि तेव्हा तिला दिसलं. हवा काढायचा नट चिमट्याच्या खालच्या अंगाला होता.

हवा वर चढते. नट वरच असायला हवा.

ती सरपटत दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही तसंच. डावा चिमटा उजवीकडे बसवला होता, उजवा डावीकडे. जन्मभर दाबत बसलं असतं तरी ती हवा निघाली नसती.

मिस्त्रीकाका आले तेव्हा ती फरशीवरच बसली होती.

"काका, मागचे चिमटे उलटे बसलेत."

"कोणी बसवलेत?"

"बाबांनी."

"मग उलटे कसे असतील?" ते चिडूनच म्हणाले. मग खाली वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. "पोरी... अगं, मी सकाळपासून यालाच पाना लावतोय. दिसलं कसं नाही मला?"

दिसलं नव्हतं, कारण मास्तरांनी बसवलेलं कुणी तपासायचंच नाही, अशी त्या गॅरेजची रीत होती. आणि हे चिमटे बसवले होते शेवटच्या महिन्यात. तेव्हा बाबांना शर्टाची बटणंही लावता येत नव्हती. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही चिमटे अदलाबदल करून झाले. हवा काढली. थोरलीने पेडल दाबलं.

दगड.

मिस्त्रीकाकांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळली आणि जागच्या जागी थांबवून दाखवली. आई दारात येऊन उभी राहिली.

"दुपारी कोण गं ठोकत होतं?" तिने विचारलं. "मी आतून ओरडलेसुद्धा, जरा हळू ठोका हो, म्हणून."

थोरलीने आईकडे पाहिलं. आई मिस्त्रीकाकांना अहो-जाहो करत नसे. अख्ख्या घरात ती एकाच माणसाला 'हो' म्हणायची.

"मीच," थोरली म्हणाली.

रविवारी धाकटा आला, गाडी पाहून पोरासारखा नाचला आणि गेला. थोरली दिवसभर फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली.

अंधार पडता पडता फोन वाजला.

"ताई, पोचलो."

"ब्रेक?"

"एक नंबर. पण ऐक ना... हसू नकोस."

"बोल."

"उतारावर... वळण आलं की माझा पाय पोचायच्या आधीच पेडल खाली जात होतं."

"तुला वाटलं असेल."

"ताई, मी एका वळणावर पाय वर घेऊन चक्क मांडी घातली. तरी गेलं. बरोबर जेवढं हवं तेवढंच." तो थांबला. त्याचा आवाज ओला झाला होता. "बाबा होते गं."

त्या रात्री हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तिला सलग झोप लागली.

आठवड्याने मिस्त्रीकाका सहज आले. तिने त्यांना सगळं सांगितलं. टकटक, कोमट लोखंड, उतारावरचं पेडल. वाटलं होतं, ते डोळे पुसतील.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"टकटक मास्तरांचीच," ते म्हणाले. "पण पेडल..."

"काय?"

"मास्तर पेडलवर कधी बसले नाहीत. ते कायम खालीच असायचे." ते दाराकडे बघत राहिले. "ते पेडल आम्ही भंगारवाल्याकडून आणलं. दरीतून वर काढलेल्या गाडीचं. त्या गाडीचा ब्रेक लागलाच नव्हता. चालवणाऱ्याला केव्हाच नेलं होतं. सीट रिकामी. पण पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं. वाकलं नव्हतं, अडकलं नव्हतं. नुसतं... दाबलेलं. आम्ही दोघांनी ओढून वर आणलं. मास्तर म्हणाले, घरी बोलू नकोस."

थोरलीने त्यांचा रिकामा कप उचलला. विसळला. पुन्हा विसळला.

हे तिने धाकट्याला सांगायचं ठरवलं. रोज ठरवते.

परवा त्याचाच फोन आला. खुशीत होता. म्हणाला, आता साध्या रस्त्यावरही पेडल जातं. रस्ता सरळ असतो, मोकळा असतो, समोर काहीच नसतं... आणि तरी थेट तळाला टेकेपर्यंत, दणकून.

"बाबा फार घाबरट झालेत गं," तो म्हणाला आणि हसला. "उद्या लेकीला फिरवून आणतो. तिलाही भेटू दे आजोबांना."

थोरलीने तोंड उघडलं.

पलीकडून त्याच्या लेकीचा आवाज येत होता. ती आजोबांविषयी काहीतरी विचारत होती, आणि तो तिला सांगत होता. हिवाळ्यापासून तो बाबांविषयी एक अक्षर बोलला नव्हता.

"हळू ने," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

फोन ठेवल्यापासून ती घरभर फिरते आहे.