विषयाच्या ओळीतली चूक

माउंट व्हर्ननच्या कोर्टातला तो बाक एका पायानं आखूड होता. मारीत व्हिसर त्यावर बसली की तो डावीकडे झुकायचा, आणि पलीकडच्या टोकाला बसलेला तरुण जरा हलला की ती अलगद वर उचलली जायची.

चौथ्यांदा असं झालं तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं. उंच, खांद्यांवर पावसाचे थेंब तसेच राहिलेले, बोटांना कसलासा लाकडी वास... तोही हसू दाबत होता.

"माफ करा," तो म्हणाला. "मला वाकडं काही सहनच होत नाही. तुमच्याकडे पेन्सिल आहे?"

"लिहायला?"

"कापायला."

तिनं पेन्सिल दिली. त्यानं खिशातली छोटी सुरी काढली, पेन्सिलीच्या मागच्या टोकाची पातळ पाचर कापली, गुडघ्यावर बसून ती बाकाच्या पायाखाली सरकवली. उरलेली अर्धी पेन्सिल अदबीनं परत केली.

"होड्या बांधतो मी. अनाकॉर्टिसला," तो म्हणाला. "लाकडाच्या."

"मग कोर्टात कसे? होडी बुडाली की काय कुणाची?"

"छे! एका कंपनीवर दावा लावलाय. खोटारडी माणसं आहेत. आणि तुम्ही?"

"माझ्यामागे एक खडूस म्हातारा लागलाय," मारीत म्हणाली. "पाहिलेला नाही अजून, पण त्याची तक्रार वाचली ना, की कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसतात."

तो मनापासून हसला. त्या हसण्यात तिला सकाळपासूनच्या धाकधुकीचा विसर पडला. आणि नेमक्या त्याच वेळी कारकून बाईंनी दारातून पुकारलं, "लेलँड प्रुइट विरुद्ध व्हिसर बल्ब्ज!"

दोघंही एकदम उठले.

"खडूस... म्हातारा?" तो हळूच म्हणाला.

"खोटारडी माणसं?" तिचे कान लाल झाले होते.

आत ऑर्कट बाई नावाच्या मध्यस्थ बसल्या होत्या. छोट्या दाव्यांत वकील चालत नाहीत, आणि न्यायाधीशांपुढे जाण्याआधी आपापसांत मिटतंय का ते बघायचं, अशी त्या कोर्टाची रीत. बाईंनी चष्मा सावरला आणि कायदा सोप्या शब्दांत सांगितला. जाहिरातीचा मेल पाठवायला वॉशिंग्टन राज्यात बंदी नाही. पण विषयाच्या ओळीत दिशाभूल केली, तर ज्याला मेल आला त्याला प्रत्येक मेलमागे पाचशे डॉलर मागता येतात.

"अकरा मेल आलेत तुम्हाला," बाई कागद चाळत म्हणाल्या. "आणि दावा फक्त एकाचाच?"

"दहांनी वैताग दिला. त्याचं काय एवढं," लेलँड म्हणाला. "हा अकरावा मात्र..." त्यानं कागद टेबलावर ठेवला.

मारीतला वाचायची गरज नव्हती. ती ओळ तिनंच लिहिली होती. काकाचा 'व्हिसर बल्ब्ज' हा ट्यूलिपच्या कंदांचा धंदा मंदावला तेव्हा त्यानं कुठूनशी पत्त्यांची यादी विकत आणली होती, आणि 'तुझ्या हाताला शब्द आहेत' म्हणून जाहिराती मारीतकडे आल्या होत्या. या ओळीवर तर ती खूश होती. *चूक माझीच होती. आपण पुन्हा बोलूया का?* आत होतं, गेल्या मोसमात तुम्हाला कळवायचं राहून गेलं, आता कंदांवर वीस टक्के सूट.

"माझा मोठा भाऊ एमेट अलास्काला मासेमारीच्या बोटींवर असतो," लेलँड सांगू लागला. "चार वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेला. ज्या बंदरात जो कॉम्प्युटर मिळेल त्यावरून लिहील, असं मी धरून चाललो होतो. म्हणून अनोळखी पत्त्यावरून ही ओळ आली तेव्हा... मी मेल उघडलासुद्धा नाही. आधी बाबांकडे पळालो. म्हटलं, एमेटनं लिहिलंय. बाबा उठले, तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मग मी मेल उघडला."

त्यानं टेबलावरचा कागद पालथा घातला.

मारीतनं घरून तयारी करून आणली होती. 'चूक' म्हणजे कळवायला उशीर झाला ती चूक, म्हणजे ओळ तशी खरीच, वगैरे. तो कागद तिनं घडी घालून पर्समध्ये टाकला.

"ती ओळ माझी आहे," ती म्हणाली. "फसवणारीच होती. लोकांनी फसून उघडावं म्हणूनच लिहिली होती. कायद्यानं होतील तेवढे पैसे आम्ही देऊ."

"मला पैसे नकोत. हे थांबवा, एवढंच," तो म्हणाला.

"पैसे घ्यावेच लागतील," मारीत म्हणाली. "नाहीतर माझ्या काकाला काही कळणार नाही. मी ओळखते त्याला."

ऑर्कट बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच असं भांडण पाहिलं असावं. शेवटी पैसे द्यायचे ठरले, शिवाय व्हिसरांकडून प्रुइटांना यापुढे एकही मेल जाणार नाही, असंही लिहिलं गेलं. मारीतनं अर्ध्या पेन्सिलीनं सही करायला घेतली आणि बाईंनी मुकाट्यानं पेन पुढे केलं.

काकानं दोन दिवस थयथयाट केला, तिसऱ्या दिवशी विकतची यादी पुसून टाकली. मारीत आता जुन्या गिऱ्हाइकांनाच लिहायची, सरळ: कंद आलेत, भाव असा. पण संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना हात जरा रेंगाळायचा. एका माणसाला काही लिहावंसं वाटत होतं, आणि नेमकं त्यालाच लिहायचं नाही म्हणून तिनं सही केली होती!

शेवटी एका शनिवारी ती गाडी काढून अनाकॉर्टिसला गेली.

शेडमध्ये एक अर्धी होडी उलटी टेकवलेली होती आणि लेलँड तिला रंधा मारत होता. तिला पाहून रंधा मध्येच थांबला.

"मेल पाठवायला बंदी आहे," मारीत म्हणाली. "यायला नाही ना?"

"ते लिहून घ्यायचं राहिलं," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "बरं झालं राहिलं ते."

"मी... खरंतर तुमच्या वडिलांना भेटायला आलेय."

त्याचा चेहरा असा काही उतरला, की तिला हसू आवरेना.

ऑर्विल प्रुइट खिडकीशी बसून कॉफी पीत होते. मारीतनं उभ्यानंच माफी मागितली. रस्ताभर पाठ केलेलं निम्मं विसरली.

"बस, पोरी," म्हातारबाबा म्हणाले. "तुझ्या त्या मेलमुळे दहा मिनिटं मला वाटलं, पोरानं माफी मागितली. त्या दहा मिनिटांत मी त्याला माफ करून मोकळा झालो. नंतर कळलं, तो नव्हताच. पण आता दिलेली माफी परत कशी घेऊ? तशीच पडून आहे."

"मग त्यांना कळवलंत?"

"मी? अगं, मला ते यंत्र चालू तरी करता येतं का?" त्यांनी दारात उभ्या लेलँडकडे बोट केलं. "आणि हा म्हणतो, आधी त्यानं लिहावं."

बाहेर आल्यावर लेलँड बराच वेळ हातातल्या कापडानं बोटं पुसत राहिला.

"बसतो मी लिहायला," तो म्हणाला. "शब्द सुचत नाहीत. तुम्ही द्याल लिहून? तुम्हाला जमतं."

"जमतं, म्हणूनच नको," मारीत म्हणाली. "तुमचेच जाऊ देत. वाकडेतिकडे असले तरी. मी बसते हवं तर बाजूला."

ती बसली. एमेटच्या जुन्या मेलच्या पत्त्यावर दोन ओळी लिहायला लेलँडला एक तास लागला. तिनं स्क्रीनकडे पाहिलं नाही. खाडीवर उतरणारं धुकं बघत राहिली, आणि त्याच्या श्वासावरून तिला कळत होतं, कुठे अडतंय, कुठे सुटतंय ते... बटण दाबल्यावर त्याचा हात टेबलावर तिच्या हाताशेजारी येऊन थांबला. कुणीच हात काढून घेतला नाही.

त्यानंतर दर शनिवारी काही ना काही निमित्त निघू लागलं. कधी रंगाला मदत, कधी म्हातारबाबांसाठी काकूनं केलेला सफरचंदाचा केक. एमेटकडून मात्र महिनाभर काही आलं नाही, आणि त्याबद्दल तिघंही बोलायचं टाळत.

एप्रिलमध्ये व्हिसरांचं शेत फुललं. बघ्यांच्या गाड्या येऊन गेल्या, आणि मग दरवर्षीचं काम सुरू झालं. कंद पोसावेत म्हणून फुलांची डोकी खुडायचं. मारीत लाल रांगेत वाकली होती, तेव्हा बांधावरून लेलँड येताना दिसला. चिखलात बूट रुतत होते तरी तो जवळजवळ पळत होता.

"फोन आला होता," धापा टाकत तो म्हणाला. "मेल नाही, फोन! बाबांशी तासभर बोलला. रविवारी येतोय तो... घरी येतोय."

मारीतच्या हातातली फुलं खाली पडली. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले, तसे गालांना मातीचे पट्टे उमटले.

"तुम्हीही या जेवायला," तो म्हणाला. "बाबा विचारत होते, एमेटला ओळख काय म्हणून करून द्यायची? मी म्हटलं... विचारून सांगतो."

"मग विचारा की."

"विचारतोच आहे." त्यानं अंगठ्यानं तिच्या गालावरचा मातीचा पट्टा पुसला, उलट आणखीच पसरवला. "मला तुम्ही आवडता, मारीत. कोर्टात तुम्ही तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलात ना, तेव्हापासून. मला नीट सांगता येत नाही, पण खरं आहे. तुम्हाला... चालेल?"

रांगेच्या टोकाहून काका ओरडत होता, कामं कोण करणार म्हणून. मारीतनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्याचा तो मातीनं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"रविवारी किती वाजता येऊ?" ती म्हणाली. "आणि मला न्यायला तू ये. तूच ये, लेलँड."