मॉसच्या गळ्यातली गाठ

ही घडलेली गोष्ट आहे.

माझी आजेसासू एफी उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलली. ही त्या एका खोट्याचीच गोष्ट आहे. मी तिला इथे नुसतं एफी म्हणते, कारण तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

साल १९३०. नोव्हेंबरमधला रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. गाव लॉकअलाइन, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंट किल्डा बेट रिकामं झालं होतं. छत्तीस माणसं उरली होती, तीही निघाली; एफीचं घरही त्यांतलंच. निघताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं, शेजारी मूठभर ओटचे दाणे ठेवले आणि दाराला कुलूप लावलं.

मेंढ्या बोटीने गेल्या, गायी गेल्या. कुत्र्यांना मात्र जागा नव्हती.

पुरुषांनी ते काम मुलांच्या नजरेआड उरकलं. गळ्यात दोर, दोराला दगड आणि खाली बेटाच्या खाडीचं पाणी...

सात वर्षांच्या लेकीला, मोरागला, एफीने सांगितलं, "आपला मॉस दुसऱ्या बोटीने येणार आहे हं."

मॉस त्यांचा कुत्रा. त्याला बांधणारा हात टॉर्मोडचा होता, एफीच्या नवऱ्याचा. त्याच्या मनात गाठ सैल मारायची होती. दोन हिसके दिले की मॉस सुटेल, पोहत काठाला लागेल, पुढे त्याचं नशीब. पण ज्या माणसाने जन्मभर कड्यावरून दोराला लटकून पक्षी पकडले, त्याच्या हातांना सैल गाठ येईलच कशी? बोलता बोलता बोटांनी पक्की गाठ मारून टाकली. लक्षात आलं तेव्हा मॉस बुडालेला होता.

हे त्याने फक्त एफीला सांगितलं. सांगताना तो ढसाढसा रडला.

लॉकअलाइनला सरकारने बेटावरच्या माणसांना काम दिलं... झाडं लावायचं! बेटावर औषधालाही झाड नव्हतं. टॉर्मोड म्हणायचा, "आधी झाड कसं दिसतं ते तरी दाखवा, मग लावतो."

मोराग रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची. दुसऱ्या बोटीसाठी.

त्या रविवारी प्रार्थना उरकून सगळे घरात बसले होते. बेटावरचे म्हातारे नीलकाकाही होते. रविवारी आमच्याकडे चूल आणि बायबल, बस्स. पाणी भरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शीळ घालणं म्हणजे तर पापच.

मोराग उंबऱ्यावर बसली होती.

एफीने केटल खाली उतरवली आणि वळून पाहिलं...

उंबरा रिकामा होता.

"मोराग?"



धक्क्यावर नाही. रस्त्यावर नाही. चर्चच्या आवारातही नाही.

समोर पाइनचं रान होतं, आणि समुद्रावरून धुकं चढत होतं. बेटावर मूल हरवतच नसे. लपायला आडोसाच नव्हता, दारात उभं राहिलं की सगळं बेट दिसायचं. इथे दहा पावलांपलीकडचं काही दिसेना.

तासाभरात अंधार पडणार होता. अंगावर साधी शालही न घेता गेलेली पोर त्या थंडीत रात्र काढू शकली नसती.

मग एफीच्या लक्षात आलं... समुद्रपक्षी ओरडायचे थांबले होते. सगळेच्या सगळे.

"टॉर्मोड, शीळ घाल," नीलकाका म्हणाले.

"काका, आज रविवार आहे."

"मला वार शिकवू नकोस, गाढवा! पोर हरवलीय. घाल शीळ!"

टॉर्मोडला शीळ एकच येत होती. मॉसला बोलवायची.

त्याने घातली.



मग समुद्राच्या बाजूने भुंकणं आलं. एकदाच. आखूड.

टॉर्मोड समुद्राकडे वळला. तो आवाज त्याने हजार वेळा ऐकला होता.

मग दुसरं भुंकणं. त्याच्यामागे तिसरं, जरा घोगरं. नीलकाकांनी एफीचा दंड घट्ट पकडला.

"ही बेस आहे," ते पुटपुटले. "माझी बेस."

तिघं आवाजाच्या रोखाने धावत सुटली.

धक्क्यापासून लांब, खडकांच्या मध्ये, मोराग कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ओठ निळे पडलेले. दोन्ही हात पाण्याखाली. वाकून ती काहीतरी सोडवत होती...

आजूबाजूला कुत्रा नव्हता. एकही नाही.

टॉर्मोडने तिला उचलून खडकावर आणलं. ती हातपाय झाडायला लागली.

"थांबा ना बाबा! किती घट्ट बांधलीत! सुटतच नव्हती!"

एफीने तिचे हात हातात घेतले. दहाही नखं तुटली होती. आणि नखांत घोड्याच्या केसांचे तंतू अडकले होते. बेटावरचे दोर त्याच केसांचे वळलेले असत.

या पोरीला त्या गाठीबद्दल कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि ती खाडी तर इथून शंभर मैलांपलीकडे होती.

एफीला वाटलं, आता टॉर्मोड विचारेल, काय सुटत नव्हतं? कुणी बांधलं?

त्याने विचारलं, "सुटली का गं?"

"मॉसची सुटली. तो गेला." मोराग पाण्याकडे बघत होती. "आता बेसची. मग बाकीच्यांची. ते सगळे थांबलेत ना, बाबा."

टॉर्मोडने पोर एफीच्या कडेवर दिली आणि तो पाण्यात उतरला. कमरेपर्यंत. वाकला आणि दोन्ही हात पाण्याखाली घातले.

नीलकाका खडकावर बसले. त्यांनी बूट काढले आणि तेही त्याच्यामागून पाण्यात गेले.

एफी पोरीला घट्ट लपेटून घराकडे पळाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं मी त्या घरात नातसून म्हणून वावरले, पण त्या खडकांकडे जायची माझीही हिंमत झालेली नाही.

दोघं अंधार पडल्यावर परत आले. पाण्यात हाताला काय लागलं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

एफीने चुलीपाशी बसून आधी मोरागच्या बोटांना चिंध्या बांधल्या, मग नीलकाकांच्या, मग टॉर्मोडच्या.