तीन आत, तीन बाहेर

दोन स्क्रू थोडेसे फिरवायचे होते. त्यासाठी मी आणि माझी सून सकाळी जीपमध्ये बसलो आणि दुपारी टेकडीच्या माथ्यावर पोचलो. डबा हातात देताना बायकोने विचारलंसुद्धा, "घरातले स्क्रू संपले का?"

जरा जवळ सरकून बसा. मला आवाज चढवायला लावू नका, तो आधीच चढलेला असतो. रेडिओवर मला भोंगा म्हणतात ते उगीच नाही. सातवी मी दोनदा केली, इतकी ती मला आवडली. पुढचं शिक्षण रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर झालं, आणि त्या शिक्षणाच्या जोरावर मी त्या टेकडीवर एक पोपट बसवलाय.

पोपट म्हणजे रिपीटर. आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा तो जीव. खोऱ्यातला माणूस हातातल्या छोट्या सेटवर बोलतो, टेकडीवरचा पोपट ते ऐकतो आणि लगोलग तेच भरघोस ताकदीने सगळ्या खोऱ्याला ऐकवतो. मोबाईल तिथे चालत नाही. पोपट चालतो, एकवीस वर्षं चालतोय. मी बांधला तो. म्हणजे मी आणि पुटपुट्याने.

आता स्क्रूचं सांगतो. तुम्ही बोललात की रेडिओची लहर दोन्ही बाजूंना झोके घेते. हळू बोललात तर छोटा झोका, जोरात बोललात तर मोठा. याला डेव्हिएशन म्हणतात. ऐकणाऱ्या सेटला एक दार असतं, पाच किलोहर्ट्झ इकडे, पाच तिकडे. झोका त्याहून मोठा झाला की चौकटीवर आपटतो आणि शब्द फुटतात. म्हणून पोपटाने प्रामाणिक राहायचं. तीनचा झोका आत आला तर तीनचाच बाहेर सोडायचा, आणि कोणी कितीही बोंबललं तरी पाचाच्या आत अडवायचं. तीन आत, तीन बाहेर. झालं शास्त्र. सूनबाईला एवढंच शिकायला चार वर्षं कॉलेजात जावं लागलं.

पुटपुट्या माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. तो जन्मात कधी मोठ्याने बोलला नाही. ओठ हलायचे, मिशी हलायची, आवाज मिशीतच राहायचा. रेडिओवर त्याचा झोका धड एकावरही जायचा नाही. दर वाक्यामागे विचारायचा, "येतोय का आवाज?" आणि मी म्हणायचो, "मिशी पोचली, आवाज वाटेत आहे."

अकरा वर्षांपूर्वी त्याने बोलणंच सोडलं. लोक कंटाळून सेट बंद करतात, म्हणाला. मला ते लागलं. कोणाला न सांगता मी टेकडीवर गेलो आणि दोन्ही स्क्रू चांगले पिळले, झोका वाढवणारा आणि अडवणारा. पुटपुट्या खोऱ्यात ऐकू येऊ लागला. काय खुलला तो. बाकीच्यांचे आवाज मात्र फुटायला लागले. ज्याने तक्रार केली त्याला मी सांगितलं, तुझा माइक म्हातारा झालाय. सात जणांनी नवे माइक घेतले. अजून त्यांना माहीत नाही. आता कळेल.

दोन वर्षांपूर्वी पुटपुट्या गेला. गेला तोही आवाज न करता, दुपारच्या झोपेत.

महिन्याभराने दुपारी चार वीसला रिपीटरवर कोणीतरी पुटपुटलं. चार वीस ही त्याची रोजची वेळ. "येतोय का आवाज..." एवढंच, तेही कान लावला तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आमच्या रेडिओ क्लबातले मला म्हणाले, भोंग्या, मेलेल्याची तरी थट्टा करू नकोस. त्यांचाही दोष नाही. एकदा मी बकरीची शिंक टेप करून हवेत सोडली होती, आणि सगळा क्लब तीन दिवस तिला "स्टेशन, पुन्हा सांगा" म्हणत होता.

या वेळी मी काही केलं नव्हतं. पण नाही म्हटलं तर मानणार कोण? शिवाय इतकं सफाईदार काम आयतं माझ्या नावावर येत होतं. मी मान डोलावली. हो म्हणालो, मीच.

असं कितीतरी महिने चाललं आणि पुढेही चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्याआधी खोऱ्यातल्या दवाखान्याच्या नर्सने रिपीटरवर रुग्णवाहिका मागितली. पुलाजवळ पडलेल्या झाडाखाली माणूस अडकला होता. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि जितकी ओरडली तितके शब्द फुटले. "पूल" एवढंच समजलं. खोऱ्यात पूल चार. गाडी तीन पुलांवर जाऊन आली. माणूस वाचला, पाय गेला. नर्स नंतर म्हणाली, "मी तर ओरडून सांगत होते." ओरडली म्हणूनच तुटलं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

थट्टेचा माझा सगळा माज त्या दिवशी उतरला. स्क्रू जागेवर आणायचे ठरवले. आणि ते जागेवर आले की चार वीसचं पुटपुटणं खरखरीत बुडणार, हेही मला कळत होतं.

आदल्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. पुटपुट्याची बायको.

"भाऊजी, उद्या टेकडीवर जाताय?"

"जातोय, वहिनी."

"ते चार वीसचं... तुम्हीच करता ना?"

मी नुसता घसा खाकरला.

"करत असाल तर करत राहा," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा सेटजवळ बसते. एवढंच सांगायचं होतं." आणि फोन ठेवला.

तर पोचलो वर. माथ्यावर धुकं इतकं दाट की मनोरा गुडघ्यापर्यंतच दिसत होता, वरचा भाग कोणी नेला असता तरी कळलं नसतं. पोपटाची खोली पत्र्याच्या छपराची, दहा बाय आठ. दार उघडल्यावर गरम व्हार्निशचा आणि ओलसर सिमेंटचा वास आला. आत पंखा घरघरत होता. एकटं मशीन वर्षानुवर्षं चालू असतं ना, त्या खोलीत शिरताना उगीच वाटतं की आपण कोणाच्या तरी बोलण्याच्या मध्ये आलोय.

सूनबाई टॉवरच्या कंपनीत मोजमापं करते. तिने आपलं यंत्र टेबलावर मांडलं. त्याला दोन सुया, एक आत येणारा झोका दाखवणारी, एक बाहेर जाणारा. पोपटाची ऐकण्याची तार काढून तिने तिथे यंत्राची तार लावली आणि तीनचा स्वर आत सोडला. बाहेरची सुई साडेसहावर गेली.

"बाबा, हे कोणी केलं?"

"उंदरांनी."

"उंदरांकडे स्क्रूड्रायव्हर होता?"

"असेल. शिकलेले उंदीर असतात हल्ली."

तिने सुईवर बोट ठेवलं. ही पोरगी ओरडत नाही, तेच वाईट. मी सगळं सांगून टाकलं, सात माइकांसकट. ती मग म्हणाली, "नर्सला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी बरोबर येईन." आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "फिरवा. तुम्ही पिळलात, तुम्हीच सोडवा."

घड्याळात चार अठरा झाले होते. म्हटलं, दोन मिनिटं थांबू. तिने स्वर बंद केला. नुसती खरखर, पंखा, आणि पत्र्यावर धुक्याचे टपटप थेंब.

चार वीसला पोपटाचा स्पीकर पुटपुटला.

"येतोय का... आवाज..."

सूनबाईने आधी माझ्या खिशांकडे पाहिलं. मी खिसे उलटे केले. चष्म्याचं घर, दातांची डबी, रुमाल.

"बाबा, टेप काढा."

"अगं, नाही माझ्याकडे."

"येतोय का..."

पोपटाला काही ऐकू आलं की त्याचा हिरवा दिवा लागतो. दिवा बंद होता. आतल्या झोक्याची सुई शून्यावर पडून होती. ऐकायची तार तर सुटी होती, तिचं टोक सूनबाईच्याच हातात होतं. त्या टोकाकडे ती पाहत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "हा तर बहिरा आहे आत्ता..."

"हो."

"मग हे कोण ऐकवतंय?"

मी तिला तीनचा स्वर सोड म्हणालो. तिने सोडला. स्वराच्या खाली तो आवाज होताच. मी झोका वाढवणाऱ्या स्क्रूला हात घातला. साडेसहाचे पाच झाले, पुटपुट निम्मी झाली. चार झाले... "येतोय..." एवढंच उरलं. पुढच्या एका केसभर फिरवण्यात तो जाणार होता, आणि खाली खोऱ्यात एक बाई सेटला कान लावून बसली होती. नर्सचा फुटका आवाज मी कानात आणला आणि फिरवला.

तीन.

मग सूनबाईने स्वर पार वाढवला आणि मी दुसरा स्क्रू लावला. सुई पाचाच्या किंचित आत येऊन टेकली, आणि कितीही ढकललं तरी तिथून हलेना. स्वर धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. पंचाहत्तरीचा हात आहे माझा, पण एकदाही थरथरला नाही. "बरोबर," सूनबाई म्हणाली. कॉलेजवाल्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय.

स्वर बंद केला. खरखरीत आता कोणी नव्हतं.

मला राहवेना. पोपटाचाच माइक उचलला आणि जसा चाळीस वर्षं त्याच्याशी बोलायचो तसा बोललो. "पुटपुट्या, ऐक. मशीन आता तुझ्यासाठी आवाज वाढवणार नाही. तुलाच मोठ्याने बोलावं लागेल. वहिनी बसल्यात खाली. बोल."

माइक सोडला. पंखा घरघरत राहिला. सूनबाईने माझी बाही धरली होती, ते मला नंतर कळलं.

"ओरडतोस कशाला, भोंग्या..." खोलीभर आवाज भरला, मोकळा, गोल, एकही अक्षर न चिरकता. "जवळच आहे."

हिरवा दिवा बंद. आतली सुई शून्यावर. बाहेरची सुई मात्र उठली होती आणि शब्दांबरोबर डोलून खाली बसली.

"साडेचारचा झोका," सूनबाई म्हणाली. ओठ पांढरे पडले होते तिचे, पण आकडा वाचला. अशी सून शोधून सापडत नाही. माझ्याही मानेवरचे केस उभे होते. तरी छाती फुगली. चाळीस वर्षं ज्याला मी मिशी म्हणून चिडवलं, तो माझ्या पोपटावरून साडेचारवर बोलला होता, एक रेष इकडे नाही की तिकडे नाही. त्याचा पूर्ण आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तारा जागेवर लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि थेट वहिनींकडे निघालो. शाबासकी घ्यायची होती.

वहिनी घराबाहेर उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती.

"ऐकलंत ना?" मी जीपमधूनच विचारलं. "शब्द न् शब्द. नवरा तुमचा शेवटी नीट बोलला."

"ऐकलं." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "इतके दिवस पुसट यायचं, म्हणून मी त्यात त्यांचाच आवाज ऐकत होते. आज स्पष्ट आलं, भाऊजी."

"मग?"

"ते नव्हेत."

मी हसायला गेलो. हसू फुटेना.

"सदतीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले मी. झोपेतलं पुटपुटणंही ओळखते. हे दुसरंच कोणीतरी आहे."

सूनबाई खाली उतरली. "काकू, तुम्ही बाहेर का उभ्या आहात?"

वहिनींनी घराकडे पाहिलं. "आवाज दोनदा आला गं. आधी आतल्या खोलीतून. मग सेटमधून."

हे आम्हा रेडिओवाल्यांना चांगलं माहीत असतं. बोलणारा आणि ऐकणारा सेट एकाच घरात असले की आधी तोंडचं ऐकू येतं, मग टेकडीवरून फिरून आलेलं. मी आत गेलो. थट्टेखोर माणसाला दुसऱ्या कोणाची थट्टा तर नाही ना, म्हणून निदान कपाटं उघडून बघावी लागतात. आतल्या खोलीत पलंग, आतून कडी लावलेली खिडकी, आणि कपाटावर पुटपुट्याचा जुना हातातला सेट. बॅटरी दोन वर्षांपूर्वी मीच काढली होती. सेट हातात घेतला. कोमट होता.

त्याच दिवसापासून वहिनी आमच्याकडे राहतात. त्यांच्या घराची वीज तोडलीय, किल्ली माझ्या कमरेला असते. नर्सला जाऊन सगळं सांगितलं, तिने दारातूनच परत पाठवलं, ते बरोबरच होतं. पण गेल्या महिन्यात तिने पुन्हा गाडी मागितली. तशीच ओरडत होती, आणि सगळ्या खोऱ्याला पुलाचं नावसुद्धा समजलं. गाडी सरळ तिथे गेली. ते स्क्रू माझ्या हातचे आहेत.

चार वीसचा आवाजही येतो, रोज. क्लबातले म्हणतात, भोंग्या, नक्कल भारी जमलीय तुला. मी मान डोलावतो. दुसरं सांगू काय?

काल मी, सूनबाई आणि वहिनी सेटसमोर बसलो होतो. सूनबाईने यंत्र लावलं होतं. सुई साडेचारवर गेली आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "घरात कोणीच नाही. कुठे गेलात सगळे?"

एकही शब्द तुटला नाही.