रंगाखालची फळी

"आजही ओलं आहे," होडीच्या तळाला आतून हात लावत अलका म्हणाली. "रात्री पाऊस नव्हता, मग पाणी आलं कुठून?"

१९७० सालचा ऑगस्ट होता. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंड सोडून अमेरिकेत वसायला गेलेल्या लोकांचं नाटक इंग्लंडच्याच डेव्हन भागातल्या एका बंदरगावात होणार होतं. उद्या गावातली मुलं याच होडीत बसून खाडीच्या मुखापर्यंत जाणार होती. मुंबईहून आलेले अलकाचे बाबा तिथे डॉक्टर, म्हणून ती, तिचा धाकटा भाऊ गिरीश आणि लंडनहून सुट्टीला आलेली तिची मैत्रीण ज्युडिथही त्यांच्यात होती.

होडीचे मालक मिस्टर पास्को हसले. "लाटांचे शिंतोडे असतील. नवाकोरा रंग दिलाय तिला."

अलकाला चैन पडेना. तसं या सुट्टीत तिचं कशातच मन लागत नव्हतं. बाबांना दूर स्कॉटलंडमध्ये, एडिनबराला नोकरी मिळाली होती. सप्टेंबरात पुन्हा नवी शाळा, पुन्हा नवी माणसं.

"पण नाटकातली ती माणसं अमेरिकेला गेलीच कशाला गं?" ज्युडिथने विचारलं.

"काहींना आपल्या पद्धतीने प्रार्थना करायची होती, काहींना जमीन हवी होती. त्यांचं एक जहाज गळायला लागलं, म्हणून परत फिरावं लागलं. दुसरं पोचलं, तर पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं दगावली."

"आपलीही गळत असेल तर?" गिरीश म्हणाला. "पाण्याखाली भोक दिसणार कसं?"

अलकाने खाडीच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओहोटी लागू दे. मग आपणच होडीत पाणी भरू."

ओहोटीला होडी चिखलात कलली. दोघी मुलींनी बादल्यांवर बादल्या आत ओतल्या. गिरीश बाहेर गुडघाभर चिखलात उभा होता.

"आलं, इथून आलं," तो ओरडला.

ताज्या रंगातून पाण्याची धार लागली होती. अलकाने तिथे अंगठा दाबला, तर फळी भिजल्या पावासारखी खचली.

"माझ्या होडीत पाणी कुणी भरलं?" मिस्टर पास्को तणतणत आले. अलकाने बोटाने जागा दाखवली. त्यांनी चाकू टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. ते धक्क्याच्या पायरीवर बसले.

"माझी नातही बसणार होती यात," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी नाटक धक्क्यावरच झालं. शेवटी मिस्टर पास्कोंनी सगळ्या गावासमोर आपली चूक सांगितली आणि तिघांशी हात मिळवला. "शाबास," बाबा म्हणाले. "कुणी ऐकत नसतानाही तुम्ही हट्ट सोडला नाहीत."

घरी जाताना अलकाने विचारलं, "बाबा, मुंबईहून निघताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. तुझ्या आईला धीर देत होतो, आणि मलाच धीर नव्हता."

"मला एडिनबराची वाटते."

बाबा चालता चालता थांबले. "मलाही वाटते," ते म्हणाले. "चल, दोघं मिळून घाबरू."